चार चाकांची ओढ

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. फराळ आटोपून आम्ही घरची मंडळी ओसरीवर पान जमवीत बसलो होतो. निफाड तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. पाच एकर द्राक्षबाग आणि सहा एकर कांदा असा तिचा आजचा प्रपंच. तो माझा धाकटा भाऊ आणि त्याचा मुलगा पाहतात. मी नाशकात राहून शेतीविषयी मते देण्याचे काम पाहतो.

एवढ्यात पुतण्याने खिशातून मोबाइल काढून माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर एक लालभडक गाडी कुठल्याशा कड्याच्या टोकावर ऐटीत उभी होती.

"काका, थार घ्यायचं चाललंय. फोर बाय फोर आहे. शेताला उपयोगी पडेल. तुम्हाला काय वाटतं?"

मी काही बोलण्याआधीच आतून वहिनीचा आवाज आला, "आधी बागेच्या मांडवाचं कर्ज फेड म्हणावं!"

भाऊ काहीच बोलला नाही. तो चुना मळत राहिला. त्याच्या गप्प बसण्याचे कारण मला ठाऊक होते. हा प्रश्न आमच्या घराने पन्नास वर्षांपूर्वी एकदा सोडवला होता आणि चुकवलाही होता. पण त्या चुकीनेच माझा हा भाऊ आज जिवंत आहे. तेव्हा "विचार करून सांगतो" एवढेच पुतण्याला म्हणालो आणि नाशकास परतलो. तो विचार करता करता जे वाचले, जे आठवले, ते वाचकांपुढे मांडतो. आज गावोगावी किती तरी घरांच्या ओसरीवर हाच प्रश्न बसलेला असेल.

जीप या गाडीचा जन्म शेतासाठी झाला नाही, लढाईसाठी झाला. १९४० साली युरोपात महायुद्ध पेटले होते. अमेरिकेच्या सैन्याला घोड्याच्या जागी एक हलकी, चपळ, कुठेही शिरणारी गाडी हवी होती. त्या वर्षीच्या जुलैत सैन्याने १३५ कारखानदारांना विचारणा केली. नमुन्याची गाडी एकोणपन्नास दिवसांत हजर केली पाहिजे, ही त्यातली अट वाचूनच बहुतेकांनी हात जोडले असावेत. पुढे आले ते दोघेच, बँटम आणि विलीज-ओव्हरलँड. पैकी बँटम म्हणजे दिवाळ्याच्या उंबरठ्यावरचा लहानसा कारखाना. त्याने कार्ल प्रोब्स्ट नावाच्या अभियंत्याला बोलावले आणि त्या गृहस्थाने दोन दिवसांत सगळी रेखाटने पुरी केली. २३ सप्टेंबर १९४० रोजी मुदत संपता संपता ती गाडी सैन्याच्या तळावर जाऊन उभी राहिली. पुढे विलीजचे साठ अश्वशक्तीचे एंजिन सरस ठरले आणि विलीज व फोर्ड या दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांवर गाड्या बनवल्या. बिचाऱ्या बँटमच्या वाट्याला मुख्यतः ट्रेलर बनवण्याचे काम आले.

या गाडीची करामत काय, ते घरातल्या बायामुलांनाही कळेल अशा रीतीने सांगतो. साध्या मोटारीत एंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. उरलेली दोन नुसती फरफटत येतात. जोर मिळणारी चाके चिखलात घसरली, की गाडी जागच्या जागी गुरगुरत बसते. जीपमध्ये एक जास्तीचा दांडा असतो. तो ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो. दुसरा दांडा ओढला की वेग कमी होतो आणि ओढ वाढते, चढावर बैल मान खाली घालतो तशी. फोर बाय फोर म्हणतात ते एवढेच. बाकी आसनावर गादी असो वा नसो, डोक्यावर छप्पर असो वा नसो, त्याच्याशी त्या नावाचा काही संबंध नाही. माणूस ही गोष्ट विसरतो, आणि पुढचा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

युद्ध संपत आले तसे विलीजवाल्यांना कोडे पडले. लढाई संपल्यावर ही गाडी घेणार कोण? त्यांच्या डोळ्यांसमोर पहिला आला तो शेतकरी. १९४५ साली त्यांनी मुलकी जीप बाजारात आणली. तिचे नाव सीजे २ए. मागे उघडता येणारा फाळका दिला, जादा टायर बाजूला टांगला, जास्त ओढ मिळावी म्हणून आसाच्या दात्यांचे प्रमाण बदलले. शिवाय एंजिनाचा जोर बाहेर काढून यंत्र फिरवता यावे अशी सोय मागवता येई. आज ट्रॅक्टरवाले जिला पीटीओ म्हणतात तीच ही. जाहिरातीत ही एकटी जीप नांगरत होती, गवत कापत होती, खांबासाठी खड्डे खणत होती, लाकडे चिरत होती आणि रविवारी सगळ्या कुटुंबाला घेऊन देवळातही जात होती. एका नोकरात इतके गुण जाहिरातीतच सापडतात.

प्रत्यक्षात काय झाले? जीपने नांगर ओढला, पण मन लावून ओढला नाही. नांगरटीला हळू, एका लयीत, तासन्‌तास चालणारे यंत्र हवे. जीपचा जीव धावण्यात. ती अंगाने हलकी, पोटाने जमिनीला जवळ, आणि तिच्या दोन चाकांमधले अंतर ठरलेले. पिकाच्या ओळींप्रमाणे ते कमीजास्त करता येत नाही. त्याच सुमारास इंग्लंडात हॅरी फर्ग्युसनचा लहानसा करडा ट्रॅक्टर १९४६ पासून बाहेर पडू लागला होता. त्याने नांगर तीन ठिकाणी असा जोडला होता, की माती जितकी अडवील तितका भार मागच्या चाकांवर येऊन ट्रॅक्टर जमिनीला अधिकच घट्ट धरी. त्याला चार चाकांची ओढ लागलीच नाही. दहा वर्षांत असे पाच लाखांवर ट्रॅक्टर विकले गेले. नांगराचा निकाल तेव्हाच लागला. शेतातले काम ट्रॅक्टरकडे गेले आणि शेतापर्यंत जाण्याचे काम जीपकडे राहिले.

पण शेतापर्यंत जाणे हेही मोठे काम आहे. इंग्लंडात रोव्हर कारखान्याचे मुख्य अभियंते मॉरिस विल्क्स यांची वेल्सच्या अँगलसी बेटावर शेती होती. तिथे ते सैन्यातली एक जुनी जीप वापरीत. ती मोडली तर तिच्या जागी घ्यायचे काय, या चिंतेतून १९४७ मध्ये लँड रोव्हर आकाराला आली आणि ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांसमोर मांडली गेली. पोलादावर तेव्हा सरकारी नियंत्रण होते, म्हणून तिचे अंग ॲल्युमिनियमचे केले. रंग हिरवा, कारण सैन्याचा शिल्लक रंग तोच स्वस्त मिळत होता. पहिल्या नमुन्याचे सुकाणू तर ट्रॅक्टरसारखे मधोमध होते! जर्मनीत १९४६ साली उनिमोगचा नमुना तयार झाला. त्याच्या चाकांमधले अंतर १,२७० मिलिमीटर धरले, कारण बटाट्याच्या दोन ओळी नेमक्या तेवढ्यात बसतात. या गाड्यांची प्रत्येक गोष्ट अशी टंचाईतून आणि मातीतून ठरलेली होती. त्यात शोभेसाठी काही नव्हते. म्हणूनच कदाचित त्या शोभल्या.

आपल्याकडे जीप आली ती मुंबईच्या वाटेने. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी महिंद्र अँड मोहम्मद ही पेढी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर-जनरलही झाले. इकडे १९४८ मध्ये पेढीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. १९४९ साली माझगावात सुटे भाग जोडून विलीजची जीप तयार होऊ लागली. पुढे कांदिवलीला आणि नाशिकला कारखाने झाले. १९६३ मध्ये याच मंडळींनी ट्रॅक्टरची निराळी कंपनी उभी केली. कालांतराने ट्रॅक्टरच्याच कुळीतले डिझेल एंजिन जीपच्या पोटात बसू लागले. दोन भावांनी एकच हृदय वाटून घ्यावे तसा तो प्रकार होता.

तरी आपल्या खेड्यातल्या शेतकऱ्याने जीप पहिल्यांदा पाहिली ती बाहेरूनच. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकारी जीपमधून खेड्यात उतरू लागले. माझ्या लहानपणी वेशीवर धुरळा उठला, की 'सरकार आले' असे समजून पोरे धावत. पुढे साखर कारखान्यांचे शेतकी अधिकारी, वीज मंडळाचे इंजिनिअर, निवडणुकीतले उमेदवार अशी सगळी थोर मंडळी जीपमधूनच येत. शेतकऱ्याच्या घरी बैलगाडी होती. तेव्हा त्याच्या मनात जीप बसली ती अवजार म्हणून नव्हे, अधिकार म्हणून. अमेरिकेतला शेतकरी जीपला नांगर जोडून पाहत होता. आमचा शेतकरी जीपला रामराम करीत होता. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. माझ्या पुतण्याच्या मोबाइलमधल्या त्या लाल गाडीपर्यंत त्याचा धागा येऊन पोचतो.

आमच्या तात्यांनाही तो मोह पडला. १९७४ साली कांद्याचे पैसे बरे झाले होते. ते विहीर खोल करण्यासाठी ठेवले होते. त्याच वेळी एका सरकारी खात्याच्या जुन्या जीपचा लिलाव निघाला. तात्या सकाळी विहिरीसाठी सुरुंगवाल्याला भेटायला म्हणून गेले आणि संध्याकाळी जीप घेऊन आले. आईने दारात ओवाळले खरे, पण तबक खाली ठेवताना ती एवढेच म्हणाली, "पाणी हिच्यातून निघेल का?"

पाणी निघाले नाही, पेट्रोल मात्र गेले. आदल्याच वर्षी जगात तेलाचा भडका उडाला होता आणि आमच्या जीपला तर सततची तहान. तात्यांनी तिच्यात कांद्याच्या गोण्या घातल्या, त्या सहा मावल्या. बैलगाडीत याहून किती तरी जास्त जात आणि बैलांना पेट्रोल लागत नसे. मग एका पावसाळ्यात, लोकांना दाखवावे म्हणून, तात्यांनी जीप थेट काळ्या रानात घातली. चारही चाकांना ओढ दिली. वीस पावलांवर ती बसली.

गोदाकाठची काळी माती ज्याने ओली पाहिली आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. ती टायरच्या खाचांत भरते आणि मग टायर टायर राहत नाही, त्याचा गुळगुळीत लाडू होतो. असे चार लाडू जागच्या जागी फिरू लागले, की गाडी पुढे न जाता खाली जाते. शेवटी शेजाऱ्यांची बैलजोडी आणली. बैलाचा खूर चिखलात दाबला की फाकतो आणि उचलला की मिटतो, म्हणून तो रुतत नाही. ही विद्या कुठल्याही कारखान्याला अजून साधलेली नाही. बैलांनी जीप बाहेर काढली. शेजाऱ्यांनी पुढची दहा वर्षे ती गोष्ट दर पोळ्याला सांगितली.

विहीर दोन वर्षे तशीच राहिली. त्या दोन उन्हाळ्यांत आमचा कांदा जळाला. तात्यांनी कधी तोंडाने कबूल केले नाही, पण जीपकडे पाहायचे ते कमी झाले.

आणि मग १९७५ च्या श्रावणातली ती रात्र. धाकटा भाऊ तेव्हा दहा वर्षांचा. गोठ्यातून येताना त्याला पान लागले. मांत्रिकाला बोलवा, लिंबाचा पाला द्या, असा कालवा सुरू झाला. बाहेर मुसळधार पाऊस. मळ्यापासून सडकेपर्यंत तीन मैलांची पाणंद आणि मध्ये फुगलेला ओढा. बैलगाडीने दोन तास लागले असते. तात्यांनी पोराला घोंगडीत गुंडाळून माझ्या मांडीवर दिले आणि जीप काढली. पाणंदीत मुरूम होता, दगड होता. खाली कठीण लागत होते. तिथे चारही चाकांनी धरले. ओढ्यात पाणी पायांखालच्या पत्र्यावर आले. तात्यांनी दोन्ही दांडे ओढले आणि एका सुरात, न थांबता, ते पलीकडे गेले. पाऊण तासाने आम्ही सडकेने नाशिकच्या इस्पितळात होतो. सुई वेळेवर मिळाली.

त्या रात्रीनंतर आमच्या घरात जीपच्या खर्चाचा हिशेब कोणी मांडला नाही.

मला त्या दोन प्रसंगांतून जे कळायला हवे होते ते कळायला पुष्कळ वर्षे लागली. जीप शेताची गाडी नव्हती, ती वाटेची गाडी होती. जिथे वाट वाईट आहे पण तळ कठीण आहे, चढ आहे, ओढा आहे, तिथे तिच्यासारखी तीच. जिथे माती नांगरायची आहे किंवा माल वाहायचा आहे, तिथे ती पाहुणी.

नंतरच्या पन्नास वर्षांत काय घडले? माझ्या मते जीपची वाटणी झाली. तिच्या अंगी जे जे गुण होते ते निरनिराळ्या वारसांकडे गेले.

माणसे नेण्याचा गुण काळी-पिवळीकडे गेला, जिला सातारा-कोल्हापूरकडे वडाप म्हणतात. आठांच्या जागी अठरा बसवून तिने खेड्याला बाजाराशी आणि मुलींना शाळेशी जोडले. माल वाहण्याचा गुण पिकअपकडे आणि २००५ साली आलेल्या 'छोटा हत्ती'कडे गेला. लासलगावच्या बाजार समितीत सकाळी उभे राहून पाहावे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या जोडीला पिकअपची रांग लागलेली असते. प्रत्येक हौद्यात पंधरा-सोळा क्विंटल मोकळा कांदा, आणि व्यापारी रांगेतून बोली लावत पुढे सरकत असतात. त्या रांगेत तुम्हाला थार दिसणार नाही. या पिकअपपैकी बहुतेकींना मागच्या दोनच चाकांची ओढ आहे. पण हौदा मोठा, मागचे पाटे दणकट, आणि तालुक्याच्या गावी कुठलाही मिस्त्री तिचे पोट उघडू शकतो.

आणि चार चाकांच्या ओढीचा खुद्द तो गुण? तो कुठे गेला ते पाहून मला गंमत वाटली. तो लहान ट्रॅक्टरकडे गेला. द्राक्षबागेच्या दोन ओळींत शिरेल असा, वीस-पंचवीस अश्वशक्तीचा, अरुंद अंगाचा आणि चारही चाकांनी ओढणारा हा ट्रॅक्टर आज नाशिक-सांगलीच्या बागांतून फिरताना दिसतो. त्याची गरज ज्याला बाग आहे त्यालाच कळेल. ऑक्टोबरची छाटणी झाली, कोवळी फूट निघाली, आणि अवकाळी पाऊस कोसळला की पानांवर केवडा रोग येतो. पाऊस उघडताच फवारणी झाली नाही तर घड हातचे जातात. पण नेमकी तेव्हाच बागेतली माती लोण्यासारखी झालेली असते. मागे शेकडो लिटर औषधाचा ब्लोअर जोडून त्या चिखलात शिरायचे, ते त्याच दिवशी. इथे चार चाकांची ओढ ही हौस नाही, वर्षाच्या कमाईचा प्रश्न आहे. त्याचे टायरही निराळे असतात. खाचा खोल आणि तिरक्या, म्हणजे माती फिरता फिरता गळून पडते. आमच्या तात्यांची जीप ज्या चिखलात बसली, त्यातून हा लहानगा ब्लोअर घेऊन बाहेर येतो.

अशी वाटणी झाल्यावर मूळ जीपकडे उरले काय? उरले रूप, आणि ते फार देखणे होते. २०१० साली जुन्या वळणाची थार आली. २०२० साली ती नव्याने घडवली गेली. त्यातली पहिली गाडी लिलावात १ कोटी ११ लाखांना गेली. पैसे करोनाच्या मदतकार्याला दिले गेले, हे चांगलेच झाले. परंतु फाळक्याच्या जीपचे वारसपण कोटीच्या घरात जाऊन बसले, हीही नोंद इतिहासाने घ्यावी. त्याहून बोलकी गोष्ट जानेवारी २०२३ ची. त्या महिन्यात केवळ मागच्या चाकांना ओढ असलेली थार निघाली आणि लोकांनी तीही हौसेने घेतली. म्हणजे ज्या गुणासाठी या घराण्याचा जन्म झाला, तो काढून घेतला तरी रूप विकते. यात विकणाऱ्याचा दोष नाही. घेणारा काय विकत घेतो आहे ते त्यातून दिसते. तो बहुधा वेशीवरचा धुरळा विकत घेतो.

इंग्लंडातही कथा निराळी नाही. जुन्या घडणीची लँड रोव्हर, जिला शेवटी डिफेंडर म्हणत, तिचे उत्पादन २९ जानेवारी २०१६ रोजी थांबले. तोवर तशा वीस लाखांवर गाड्या झाल्या होत्या. २०१९ मध्ये नवी डिफेंडर आली. चढउतारावर ती जुनीला हरवील, पण तिच्या अंगात चाकांपेक्षा संगणक अधिक, आणि किंमत अशी की मागे मेंढी घालण्यापूर्वी मालक दोनदा विचार करील. तो कारखाना २००८ पासून आपल्या टाटांकडे आहे, तेव्हा या गोष्टीत आपलाही हात आहेच. तिकडचे मेंढपाळ लहान चौचाकीवर आणि पिकअपवर गेले. जपानी शेतकऱ्याने मात्र या मोहात न पडता आपला चिमुकला पांढरा ट्रक सोडला नाही. लांबी ३.४ मीटर, एंजिन ६६० सीसी, तिन्ही बाजूंचे फाळके पडणारा बुटका हौदा, आणि हवी तर चारही चाकांना ओढ. असे पंचवीस वर्षे जुने ट्रक अमेरिकेतले काही शेतकरी आता मुद्दाम मागवून घेतात. ज्या देशाने जीप जन्माला घातली, त्याने शेतासाठी साधी गाडी जपानच्या भंगारातून शोधावी, हा काळाचा विनोद आहे.

तथापि नव्या गाड्यांवर सरसकट राग धरणे अन्यायाचे होईल. जुन्या जीपच्या आठवणींना धुपाचा वास असतो, म्हणून तिचे दोष विसरू नयेत. ती वळणावर उलटे. तिला ना पट्टा, ना दरवाजा. किती तरी घरांनी तिच्यात माणसे गमावली. आजची थार ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाते, तिचे पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर वर आहे, आणि अपघातात छातीपुढे हवेची उशी उघडते. तात्यांच्या ओढ्यातून ती तात्यांच्या जीपपेक्षा सुखाने गेली असती. सह्याद्रीच्या घाटात, कोकणातल्या लाल निसरड्या चढांवर, मेळघाटासारख्या जंगलात ज्यांचे रोजचे जाणेयेणे आहे, त्यांना अशी गाडी चैनीची म्हणता येणार नाही. वनरक्षक, विजेच्या तारा दुरुस्त करणारे, टोकाच्या वाडीवर जाणारे डॉक्टर यांना ती हवीच.

परंतु शेताची गाडी ओळखण्याच्या माझ्या तीन कसोट्या आहेत. पहिली, एकट्या माणसाला तिच्यात माल चढवता-उतरवता येतो का? तीन दरवाजे आणि चार आसने यांच्यामध्ये द्राक्षांचे क्रेट रचून पाहावेत. दुसरी, ती बिघडली तर त्याच दिवशी तालुक्यात दुरुस्त होते का? संगणकाने 'नाही' म्हटल्यावर मिस्त्रीचा पाना काय करणार? तिसरी कसोटी मनाची. तिला बाभळीचा ओरखडा आला तर रात्री झोप लागते का? ज्या गाडीला ओरखड्याची भीती वाटते, ती शेतावर मालकाला वापरते, मालक तिला वापरत नाही. या कसोट्यांवर आजच्या ऐटबाज गाड्या बहुतेक नापास होतात. पिकअप आणि लहान ट्रॅक्टर पास होतात, मग त्यांची वरात निघो वा न निघो.

आणखी एक गोष्ट आहे, ती गाड्यांच्या जाहिरातीत कधी येत नाही. चार चाकांची ओढ ही वाईट वाटेवरची मलमपट्टी आहे. मूळ दुखणे वाटेचे. आपल्या किती तरी शेतांना धड पाणंदच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून वाट मागता येते. असलेली वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनाही आली. पण तिथे अर्जापेक्षा शेजारी अवघड. एका फुटासाठी भाऊ भावाला कोर्टात खेचतो आणि मग दोघेही चिखलातून जाणारी गाडी शोधत फिरतात!

हे सगळे मी पुतण्याला संक्रांतीच्या सुमारास सांगितले. त्याने शांतपणे ऐकले. मग तो म्हणाला, "काका, पण आजोबांनी जीप घेतली नसती, तर बाबा—"

"खरं आहे," मी म्हणालो. "पण आता साप चावला तर तू १०८ ला फोन करशील. ती रुग्णवाहिका सडकेपर्यंत येईल. सडकेपासून मळ्यापर्यंत तिला चार चाकांची ओढ नाही. तिला वाट लागेल."

भाऊ तिथेच होता. एवढा वेळ चुना मळणारा तो माणूस पहिल्यांदा बोलला, "त्या रात्री ओढ्यात मला शुद्ध होती. तात्या जीपशी बोलत नव्हते. पाणंदीशी बोलत होते. 'एवढी वेळ निभावून ने' म्हणत होते."

मला हे पन्नास वर्षांत ठाऊक नव्हते.

यंदा उन्हाळ्यात आमच्या पाणंदीचे अकरा खातेदार एकत्र बसले. दोघे बसायला तयार नव्हते, त्यांच्याकडे भाऊ स्वतः जाऊन आला. मोजणी झाली. प्रत्येकाने आपापल्या बांधाचे थोडे थोडे सोडले. आता मुरूम पडला आहे आणि ओढ्यावर नळ्या टाकल्या आहेत. पुतण्याने चारही चाकांच्या ओढीचा लहान ट्रॅक्टर घेतला. मालासाठी एक जुनी पिकअप पाहून ठेवली आहे, कांद्याचे पैसे झाले की आणील. थारचे चित्र मोबाइलमध्ये अजून आहे. असू दे, तरुण वय आहे. कर्ज फिटल्यावर त्याने हौसेने ती घेतली तर मी पहिला तिच्यात बसेन. मात्र तिला शेताची गाडी म्हणायचे नाही, एवढे आमचे ठरले आहे.

तात्यांची जीप चिंचेखाली उभी आहे. चाके केव्हाच गेली. यंदाच्या वसुबारसेला वहिनीने गाय-वासराची पूजा झाल्यावर ट्रॅक्टरला कुंकू लावले आणि उरलेले बोट त्या गंजलेल्या पत्र्याला पुसले. कोणी तिला तसे सांगितले नव्हते.